विहीर खोल, पायऱ्या सोप्या : पोरींना शाळेत काय शिकवावं?

कामं आटोपून बसलात ना? नसाल तर हात चालू द्या, फक्त कान इकडे द्या. शाळेची फी, गणवेश, एसटीचा पास यांवर आपण नेहमीच बोलतो. आज शाळेच्या आतलं बोलू. शाळेत शिकवतात काय, ते कोण ठरवतं, आणि त्यात आपला काही शब्द चालतो का?

हा विषय आम्हाला सुचला तो बचत गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि एक ताई म्हणाल्या, "माझी पोरगी दहावीला आहे. शाळेत सांगितलंय, अवघड धडे सोडून दे, पस्तीस मार्कांपुरतं पाठ कर, पास झालीस की सुटलीस." शेजारची म्हणाली, "मग बरोबरच आहे की. पोरीच्या डोक्याला कशाला ताप?" ताई जरा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण तिला नर्स व्हायचंय."

आम्ही तिच्या पुस्तकात सोडलेल्या धड्यांवर पेन्सिलीने मारलेल्या फुल्या पाहिल्या. विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आणि 'विद्युतधारेचे परिणाम'. गणितात 'अंकगणित श्रेढी'. शिकवणारे वाईट नव्हते. पोरगी नापास होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. पण जे सोडलं, त्यातलंच तिला पुढे लागणार होतं. आणि नर्स नाही झाली तरी बाई म्हणून जगायला लागणार होतं. ते कसं, हेच आज सांगतो.

अभ्यासक्रम आणि पुस्तक यांतला फरक

आपण अभ्यासक्रम म्हणजे पाठ्यपुस्तक समजतो. पुस्तक हे नंतर येतं. त्याआधी कुणीतरी ठरवलेलं असतं, की दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला काय काय माहीत असलं पाहिजे, ते कोणत्या इयत्तेत, कोणत्या क्रमाने शिकवायचं, आणि ते समजलं की नाही हे कसं तपासायचं. हा सगळा बेत म्हणजे अभ्यासक्रम.

देशपातळीवर आधी धोरण ठरतं. सध्याचं आहे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. त्यावरून २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आला. आपल्या राज्याचा आराखडा पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. पुस्तकं बालभारती काढते, ती १९६७ पासून. दहावीची परीक्षा राज्य मंडळ घेतं. आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. २०२४ मध्ये राज्याच्या आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता आणि लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. लोक म्हणजे आपणही. पण आपल्यापैकी कितीजणींच्या कानावर ते आलं होतं?

बारवेची गोष्ट

चांगला अभ्यासक्रम कसा असावा? आम्हाला आपली जुनी बारव आठवते. आपल्याकडे कितीतरी गावांत बारवा आहेत, दगडी पायऱ्यांच्या. पाणी खोल असतं. पण पायऱ्या अशा बांधलेल्या असतात की कडेवर पोर घेतलेली बाईसुद्धा पाण्यापर्यंत जाऊन येते. म्हातारी मध्येच टेकते, श्वास घेते, पुन्हा उतरते.

आता कुणी म्हणालं, एवढं खाली उतरायला बायकांना त्रास होतो, विहीर उथळच करू. मग पायऱ्याच नकोत. पण उन्हाळ्यात पाणीही लागणार नाही.

शाळेत हेच चालतं. पोर गरिबाघरची आहे, पोरगी आहे, घरात कुणी शिकलेलं नाही, म्हणून तिला 'थोडकं' शिकवायचं. ते मायेपोटी केलं तरी विहीर उथळ केल्यासारखंच आहे. अभ्यासक्रम खोल हवा, सगळ्यांना सारखाच खोल. आणि पायऱ्या हव्यात, ज्याला जशा लागतील तशा. कमी शिकवणं म्हणजे सगळ्यांना सामावून घेणं नव्हे. आजच्या बोलण्याचं सार एवढंच. आता उदाहरण घेऊ.

सोडून दिलेला एक धडा

त्या पोरीने फुली मारलेला आनुवंशिकतेचा धडाच घेऊ. नाव जड आहे. अर्थ साधा : आईबापाकडून लेकराकडे काय येतं आणि कसं येतं.

सुरुवात आपल्या शेतातूनच करू. संकरित बियाणं दरवर्षी विकत आणावं लागतं, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. घरचं राखून पेरलं तर पुढच्या वर्षी पीक एकसारखं येत नाही, एक झाड उंच, एक बुटकं. देशी वाणाचं तसं होत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बियाणं जपलं, त्यासाठी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. बियाणं कसं निवडायचं, कसं राखायचं, हे ज्ञान त्यांच्याकडे आणि तुमच्याकडे आहेच.

मग शाळा काय देते? शाळा त्यामागचं कारण देते. आजच्या चेक देशातल्या ब्रनो शहरात मेंडेल नावाचा एक धर्मगुरू होता. त्याने मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाणे पेरले. उंच आणि बुटक्या जातींचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे उंच. त्यांचंच बी पुन्हा लावलं, तर दर चारांत साधारण तीन उंच आणि एक बुटकं. म्हणजे बुटकेपणा नाहीसा झाला नव्हता, आत लपून बसला होता. १८६६ मध्ये त्याने हे छापलं. प्रत्येक गुणासाठी जिवात दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडची, एक बापाकडची. लेकराला देताना प्रत्येकजण दोनातली एकच देतो. या चिठ्ठीला पुस्तकात जनुक म्हणतात. संकरित बियाणं घरी राखलं की बिघडतं, त्याचं कारणही हेच. आत लपलेल्या चिठ्ठ्या पुढच्या पिढीत बाहेर पडतात.

आता हीच गोष्ट माणसात आणू. मुलगा की मुलगी, हे कुणामुळे ठरतं? बाईकडे दोन्ही गुणसूत्रं एक्स असतात. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. आई देणार ती एक्सच, तिच्याकडे दुसरं काही नाहीच. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. बापही ते ठरवून देत नाही, ते आपोआप होतं. पण दोष द्यायचाच झाला तर आईला देण्याचं काहीच कारण नाही.

मैत्रिणींनो, दुसरीही मुलगीच झाली म्हणून किती सुनांना बोलणी खावी लागली, किती जणींना माहेरी धाडलं, आठवून बघा. दहावीच्या पुस्तकातली चार ओळींची माहिती आहे ही. पण गाईडमधलं उत्तर पाठ करून दोन मार्क मिळवलेली पोरगी ती सासरी जाऊन सांगू शकेल का? तिला ती पटलेली हवी, सासूला पाटीवर मांडून दाखवता यायला हवी. आणि दहावीतल्या पोरालाही तेवढीच समजलेली हवी, कारण उद्या नवरा तोच होणार आहे.

दोन वाट्यांचा खेळ

आणखी एक पायरी उतरू. सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा भागांतल्या आमच्या मैत्रिणींना हा शब्द सांगावा लागणार नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंग दुखतं, रक्त कमी होतं, पोर वारंवार आजारी पडतं. हा आजार शिवल्याने होत नाही, शापाने होत नाही. तो चिठ्ठ्यांमधून येतो. ज्याच्याकडे दोन्ही चिठ्ठ्या सिकलसेलच्या, त्याला आजार. ज्याच्याकडे एकच, तो वाहक. वाहक सहसा ठणठणीत असतो, त्याला स्वतःला कळतही नाही.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर काय होईल? आम्ही बैठकीत हे खेळून पाहिलं. तुम्हीही पाहा.

दोन वाट्या घ्या. एक आईची, एक बापाची. दोन्हींत एक हरभरा आणि एक वाटाणा टाका. वाटाणा म्हणजे चांगली चिठ्ठी, हरभरा म्हणजे सिकलसेलची. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचला. हे झालं एक लेकरू. काय निघालं ते लिहा, दाणे परत टाका, पुन्हा उचला. असं चाळीस वेळा करा. साधारण दहा वेळा दोन्ही वाटाणे येतील, वीस वेळा एक-एक, दहा वेळा दोन्ही हरभरे. नेमके दहाच येतील असं नाही, थोडं मागेपुढे होईल. म्हणजे प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारांत एक. पहिलं पोर आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. दर वेळी वाटी नव्याने भरते.

यातून काय कळतं? लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घेणं का महत्त्वाचं, ते कळतं. पोर आजारी झालं तर एकट्या आईचा दोष नाही, तेही कळतं. दोघांची चिठ्ठी लागते. देशात २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. पण का तपासायचं हे समजलेली पोरगी गावात असेल, तर लोक तपासायला पुढे येतात.

आता मगाशी सांगितलेल्या पायऱ्या इथे पाहा. धडा तोच, खोली तीच. चारांत एक, हे गणित कुणासाठी कमी केलं नाही. पण वाट्या आणि दाणे घेतले की तो धडा किती जणांच्या हाती येतो! ज्या लेकराला दिसत नाही, तेही खेळतं, कारण हरभऱ्याला टोक असतं आणि वाटाणा गोल असतो, बोटांना कळतं. ज्याला पुस्तकी मराठी जड जाते, घरी गोंडी, कोरकू किंवा भिल्ली बोलतात, तेही खेळतं आणि आधी आपल्या भाषेत सांगतं. मग 'जनुक', 'वाहक' हे शब्द शिकतं. शब्द गाळायचे नाहीत, समजून झाल्यावर द्यायचे. आणि याला प्रयोगशाळा लागत नाही, खर्च मूठभर दाण्यांचा.

मध्येच शाळा सुटली तर

एक पायरी फार दुर्लक्षित आहे. बीडकडच्या आमच्या बहिणी ऊसतोडीला दिवाळीच्या आगेमागे निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पोरं बरोबर जातात. म्हणजे वर्षाचा मधला सगळा अभ्यास बुडतो. परत आल्यावर पोराला शेवटच्या धड्यावर बसवतात. त्याला काही कळत नाही, सगळे म्हणतात, याचं डोकंच चालत नाही.

डोकं चालतंय, मधल्या पायऱ्या निखळल्यात. पेशी म्हणजे काय हे माहीत नसेल तर गुणसूत्र कळत नाही. गुणसूत्र कळलं नाही तर जनुक कळत नाही. म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्याने स्पष्ट लिहून ठेवलं पाहिजे, की कोणता धडा कशावर उभा आहे. मग परत आलेल्या पोराला सगळं पुस्तक पहिल्यापासून गिरवत बसावं लागणार नाही. निखळलेल्या दोन-चार पायऱ्या आधी बसवून द्यायच्या, मग पुढे न्यायचं. आजारपणाने शाळा बुडालेल्या पोरीलाही हेच लागू. पाळीच्या दिवसांत शाळेत सोय नाही म्हणून महिन्याला तीन-चार दिवस घरी राहणाऱ्या पोरीलाही हेच लागू.

"पोरींना वेगळं शिकवा"

पोरींना कमी किंवा वेगळं शिकवावं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ताने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. चौदा वर्षांच्या पोरीला समाजावर प्रश्न उभे करता आले, कारण तिला कुणी थोडकं शिकवलं नव्हतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीच दिली : मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं ज्ञान, नीती आणि आरोग्य. शेतकऱ्याच्या पोराला इतिहास-भूगोल कशाला, असं त्यांनी म्हटलं नाही. आणि शेतीही सोडली नाही.

पुढे १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. मुलींना एवढं शिकवण्याची काय गरज, घरकामाला उपयोगी पडेल तेवढं पुरे, अशी टीका 'केसरी'तून झाली. स्वातंत्र्यानंतरही बऱ्याच ठिकाणी मुलींना गणित-विज्ञान सोडून गृहशास्त्र घेण्याची वाट होती. १९६०च्या दशकात हंसा मेहता यांच्या समितीने मुलामुलींच्या अभ्यासक्रमात असा भेद नको असं सांगितलं. कोठारी आयोगाने (१९६४ ते ६६) पहिल्या दहा इयत्तांत गणित आणि विज्ञान सगळ्यांना शिकवावं अशी शिफारस केली, आणि १९६८ च्या धोरणात ते आलं. म्हणजे आज आपली पोरगी गणित-विज्ञान शिकते, ते भांडून मिळवलेलं आहे. पुस्तकावरच्या पेन्सिलीच्या फुलीने ते परत जायला नको.

आणखी एक नाव सांगतो. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत संशोधनाला गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नकार दिला. त्या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून त्यांना घेतलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी कशावर काम केलं? दूध, डाळी आणि नीरा यांच्यातल्या पोषणावर. म्हणजे आपल्या चुलीजवळच्याच गोष्टींवर. अशी नावं पुस्तकात असली की पोरीला वाटतं, हे माझंही आहे.

दोन टक्क्यांचा हिशेब

आता गणितातली फुली. 'अंकगणित श्रेढी'. हे शब्द ऐकून आम्हालाही घाम फुटला. पण पोरीनेच समजावलं : एकसारख्या फरकाने वाढत किंवा कमी होत जाणाऱ्या संख्या. अगं, हे तर आपल्या गटाच्या वहीत आहे!

समजा दहा हजार रुपये कर्ज घेतलं, महिना दोन टक्के व्याज, दरमहा हजार रुपये मुद्दल फेडायची, दहा महिन्यांत. गटात व्याज उरलेल्या रकमेवर लावतात. पहिल्या महिन्यात २०० रुपये, दुसऱ्यात १८०, मग १६०, शेवटच्या महिन्यात २०. बेरीज कशी करायची? पहिला आणि शेवटचा आकडा मिळवा, २२०. दुसरा आणि शेवटून दुसरा मिळवा, १८० आणि ४०, तेही २२०. अशा पाच जोड्या. पाच गुणिले २२०, म्हणजे ११०० रुपये व्याज.

आता दारावर येणारा एखादा कर्जवाला म्हणतो, "आमचंही दोनच टक्के." पण तो व्याज लावतो सुरुवातीच्या दहा हजारांवर, शेवटपर्यंत. दर महिन्याला २०० रुपये, दहा महिने, झाले २०००. तोंडाने दोघंही दोन टक्केच म्हणतात, आणि फरक ९०० रुपयांचा. दहावीचा हा धडा समजलेली पोरगी घरात असेल तर तिने अंगठा उठवण्याआधी एकच प्रश्न विचारला असता, "व्याज उरलेल्या रकमेवर की सगळ्या रकमेवर?" याच गणिताच्या पुस्तकात पुढे 'अर्थनियोजन' आहे, जीएसटी आणि गुंतवणुकीचं. तोही धडा सोडू नका.

"मोबाईलवर सगळं सापडतं"

असं पोरंच म्हणतात. पाठ कशाला करायचं, विचारलं की मोबाईल सांगतो. खरं आहे, सापडतं. पण सापडलेलं समजायला आधी काहीतरी माहीत लागतं. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यावर हिमोग्लोबिन ८ लिहिलं आहे. बाईचं बारा तरी हवं, गरोदरपणात अकराच्या खाली गेलं तर काळजी, हिमोग्लोबिन लोहापासून बनतं आणि तेच अंगभर प्राणवायू पोचवतं, एवढं माहीत असेल तर आठ हा आकडा बोलतो. नाहीतर तो नुसता आकडा. रेडिओवर 'अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र' ऐकलं, तर ज्याला वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो हे माहीत आहे, त्याला बातमी कळते.

१९८८ मध्ये अमेरिकेत शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. बेसबॉल नावाच्या त्यांच्या खेळावरचा उतारा मुलांना वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळाची माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा उतारा चांगला समजली. आपल्याकडे क्रिकेटचं वर्णन ऐकताना हेच दिसतं. म्हणून पोरांना 'शिकायला कसं शिकायचं' एवढंच देऊन चालत नाही, भरपूर माहिती आणि तिची कारणं द्यावी लागतात. शिकलेल्या घरातल्या पोराला ती घरीही मिळते. आपल्या पोरांना शाळेशिवाय कुठे मिळणार?

दुसऱ्या टोकाचंही सांगतो. काहीजण म्हणतात, गावच्या पोरांना हाताचं काम शिकवा, पुस्तक कशाला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीच्या शाळांत हाताने काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम गेला : बांधकाम आणि वर्कशॉप, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य. त्यातली खुबी अशी, की हात चालवताना त्यामागचं विज्ञान शिकायचं. नुसतं वायर जोडणं नव्हे, तर वायर का तापते हेही. हात आणि डोकं एकमेकांच्या जागी नकोत, जोडीला हवेत.

आपण काय करू शकतो

पहिलं, पोरीचं पुस्तक हातात घ्या. वाचता आलं नाही तरी तिला विचारा, "यातलं काय सोडायला सांगितलं?" बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मोबाईलवर उतरवता येतात.

दुसरं, शाळेत जाऊन गोडीने विचारा. कोणते धडे राहिले? प्रयोग हाताने करून घेतले का? बुडालेल्या पोरांसाठी काय सोय आहे? अपंग मुलांना दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, त्याचा अर्ज वेळेवर गेला का? शिक्षकांवर चिडून जाऊ नका. त्यांच्यावरही निकालाचं ओझं असतं. आपण सोबत आहोत हे कळलं तर त्यांनाही अवघड धडा घ्यायला बळ येतं.

तिसरं, समितीत जाऊन बसा. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. हायस्कूलमध्ये पालक-शिक्षक संघ असतो. तिथे सही करून परत येऊ नका. शौचालयाबद्दल विचारा, तसंच विज्ञानाच्या तासाबद्दलही विचारा.

चौथं, तुमच्याकडे आहे ते शाळेला द्या. बियाणं राखणारी आजी आनुवंशिकतेच्या तासाला येऊ शकते. गटाची हिशेबनीस वही घेऊन गणिताच्या तासाला येऊ शकते. आशाताई हिमोग्लोबिनचं सांगू शकते.

आणि पुढच्या वेळी मसुदा लोकांसमोर आला की गटाने एकत्र बसून पत्र पाठवायचं. आम्ही रेडिओवरून आठवण करूच.

त्या पोरीचं काय झालं, विचाराल. परीक्षेला अजून वेळ आहे. फुल्या तिने खोडरबराने पुसल्यात. परवा संध्याकाळी तिने आईसमोर दोन वाट्या मांडल्या आणि आजीला बोलावलं. आजी चाळीस वेळा दाणे उचलून दमली, म्हणाली, "म्हणजे तुझ्या आईला मी उगाच बोलत होते होय!" घरात सगळे हसले. आई मात्र हसली नाही, ती नुसती बघत राहिली.

तुमच्या घरी कोणत्या धड्यावर फुली आहे, ते आम्हाला कळवा. पुढच्या बोलण्यात तोच धडा घेऊ. येतो मैत्रिणींनो, नमस्कार.